नैर्ऋत्य चीनमधली डोंगरगावं : तिकीटखिडकीच्या पलीकडे

मेघवाट

चीनला जायचं म्हटलं की आपल्याकडचे बेत बीजिंग, शांघाय, फार तर शीआनपाशी थांबतात. गुइझोउ आणि युन्नान या नैर्ऋत्येकडच्या दोन डोंगराळ प्रांतांविषयी मराठीत वाचायला फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा काढतेय. मी हिंडले ती मुख्यतः दोंग आणि हानी या अल्पसंख्य लोकांच्या गावांतून, शेवटी थोडी बाय आणि नाशी लोकांच्या मुलखातून.

माझं मत आधीच सांगते. तिकडे गावं दोन प्रकारची आहेत. एका प्रकारात वेशीवर तिकीटखिडकी, आत संध्याकाळी नाचगाण्याचे खेळ, भाड्याने मिळणारे चांदीचे मुकुट आणि फोटोची दुकानं. गुइझोउतल्या शीज्यांगचं म्याव लोकांचं हजार घरांचं गाव हे त्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण. दुसऱ्या प्रकारच्या गावात माणसं खाचरात असतात. मुक्काम करायचा तो या दुसऱ्या गावात. खाचरं टिकून आहेत ती रोज कोणीतरी बांध लिंपतं म्हणून, आणि आपले पैसे त्याच घरात पडले पाहिजेत.

सुरुवात गुइझोउमधल्या त्सोंगज्यांग तालुक्यापासून. ग्वांगझोउ ते गुइयांग ही वेगवान रेल्वे डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि वीसेक तासांचा प्रवास चार-पाच तासांवर आला. त्सोंगज्यांग स्टेशनावर उतरलं की झाओशिंग काही किलोमीटरवर. झाओशिंगलाही तिकीट आहे, पण तिथे जायलाच हवं, कारण तिथे दोंग लोकांचे पाच नगारा-मनोरे एकाच गावात आहेत. गावातल्या एकेका कुळाचा एकेक. त्यांची नावं कन्फ्यूशियसच्या पाच सद्गुणांवरून पडली आहेत: दया, नीती, शिष्टाचार, शहाणपण आणि विश्वास. सगळं बांधकाम सरळसोट वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचं. खाचेत खुंटी बसवत, लोखंडी खिळा न वापरता मजल्यावर मजला चढत जातो. खाली मधोमध शेकोटीची जागा आणि भोवती बाकं. म्हातारी माणसं दुपारभर तिथे बसलेली असतात. पूर्वी वरचा नगारा वाजला की सगळं गाव खाली जमायचं.

झाओशिंगहून मागच्या डोंगरावर थांगआनला चालत जा. वाट खाचरांमधूनच चढते, फरसबंदी आहे, पण दम काढते. वर गाव लहान, शांत, अजून शेतीत गुंतलेलं. नॉर्वेच्या मदतीने गुइझोउत जी जिवंत ग्रामसंग्रहालयं झाली त्यातलं हे एक, म्हणजे वस्तू काचेत ठेवायच्या नाहीत, गाव आहे तसं जगू द्यायचं. मी राहिले त्या घरातल्या आजी नीळ रंगवलेलं कापड कुटत होत्या. दारातल्या गुळगुळीत दगडावर कापडाची घडी आणि हातात लाकडी मोगरी. कापड निळीत बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, मग त्यावर अंड्याचा पांढरा बलक फासून कुटत राहायचं. काही दिवस हे चालतं. शेवटी काळ्या-जांभळ्या कापडाला तांब्यासारखी झळाळी येते. मला वाटलं होतं जोर हातात असतो. आजींनी माझा हात धरून दाखवलं की मोगरी नुसती उचलायची, खाली तिची ती येते. गावात शिरताना पहिल्यांदा कानावर येतो तो हाच आवाज, दोन-तीन घरांतून एकदम, वेगवेगळ्या ठेक्यात.

गाण्याबद्दल लिहिलं नाही तर दोंग लोकांवर अन्याय होईल. त्यांचं समूहगान वाद्याविना आणि समोर कोणी हात हलवणारा नसताना चालतं, आणि त्यात एकाच वेळी वेगळे सूर असतात. २००९ मध्ये युनेस्कोने त्याची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. दोंग भाषेला परंपरेने लिपी नव्हती. वंशावळ, शेतीचं ज्ञान, कोणाशी कसं वागावं, हे सगळं गाण्यातून पुढच्या पिढीकडे गेलं. रंगमंचावरचा कार्यक्रम मी पाहिला, तो सुरेख होता. पण थांगआनहून उतरताना पुलावर बसलेल्या चार बायका सहज गात होत्या, तेव्हा एकीचा सूर खाली धरलेला आणि बाकीच्या त्याच्यावर चढत-उतरत होत्या, ते ऐकून मी वाटेतच बसले. त्या पुलांना छप्पर असतं, दोन्ही बाजूंना बाकं असतात. वारा-पावसाचे पूल म्हणतात त्यांना.

आता पाणी. युन्नानच्या दक्षिणेला, आयलाव डोंगररांगेत, युआनयांगची हानी लोकांची खाचरं आहेत. २०१३ पासून जागतिक वारसा. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, ते बहुतेक हिवाळ्यातले, कारण कापणीनंतरही खाचरं पाण्याने भरलेली ठेवतात. हे देखाव्यासाठी नाही. बांध वाळला की तडकतो, तडकला की पुढच्या पावसात ढासळतो, आणि एक बांध गेला की खालचे दहा जातात. डोंगरमाथ्यावर राखलेलं जंगल, त्याच्या खाली गाव, गावाच्या खाली खाचरं, तळाशी नदी. दरीतल्या उन्हाने वाफ वर जाते, जंगल धुकं अडवतं, झरे गावातून वाहतात आणि गोठ्यातलं खत घेऊन खाचरात उतरतात. वारसा क्षेत्रात अशी ८२ गावं आहेत.

वाटणीची पद्धत तर मी खूप वेळ उभी राहून पाहिली. पाटाच्या तोंडाशी आडवा दगड किंवा लाकडाचा ओंडका, त्यात वेगवेगळ्या रुंदीच्या खाचा कोरलेल्या. ज्याची जमीन जेवढी आणि पाट खणताना ज्याने जेवढे श्रम दिले, तेवढी त्याची खाच रुंद. पाटावर देखरेख करणारा माणूस गावाने नेमलेला असतो आणि त्याचा मोबदला शेतकरी धान्यात देतात. ना मीटर, ना कुलूप. खाच सगळ्यांना दिसते.

बाकी व्हिसा, जेवण, भाषा यांबद्दल विचारा, माहीत आहे ते सांगते.

भातखाचर

मेघवाट, लेख आवडला. पाटाच्या खाचांचं वर्णन वाचून फार बरं वाटलं. मी कृषी खात्यात नोकरी केली, आता रायगडात घरचं भात करतो. त्सोंगज्यांगच्या खाचरांत भाताबरोबर मासे आणि बदकं असतात असं वाचलंय. ते प्रत्यक्ष कसं जमवतात? बदकं रोपं तुडवत नाहीत का? आणि मासे बदकांच्या तोंडून वाचतात कसे?

मेघवाट

भातखाचर दादा, सगळं गणित वेळेचं आहे. लावणी झाल्यावर आधी बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं सोडतात, सायप्रिनस या कार्प माशाची. रोप मुळं धरेपर्यंत बदकांना खाचरात प्रवेश नाही. मासे तोंडात मावणार नाहीत इतके वाढले आणि रोप उभं राहिलं की मग बदकं. बदकं किडे आणि तण खातात, पायांनी चिखल ढवळतात, विष्ठेचं खत होतं. लोंब्या भरायला लागल्या की बदकं पुन्हा बाहेर. कापणीआधी पाणी कमी करतात तेव्हा मासे धरतात. अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये ही पद्धत जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात घेतली.

भात तिथला चिकट जातीचा, उंच वाढणारा, खोल आणि थंड पाण्यात तग धरणारा, म्हणूनच हे जमतं. बुटक्या संकरित वाणात एवढं पाणी ठेवता येत नाही. लोंब्या देठासकट कापून गावाबाहेर उंच लाकडी मांडवांवर वाळत टाकतात. आणि मासे मीठ, मिरची, चिकट भात लावून लाकडी पिंपात मुरवतात. वर्षानुवर्षं टिकतात. पाहुणा आला की पिंप उघडतं.

भातखाचर

मुद्दा वाणाचा आहे, हे महत्त्वाचं सांगितलंत. आमच्याकडे भातात मासे घ्यायचे प्रयोग झाले, पण पाणी पावसाळ्यानंतर राहत नाही आणि बांध तेवढे उंच नाहीत. शिवाय फवारणी केली की मासे संपले. तिथे फवारणी करत नाहीत का?

मेघवाट

जिथे मासे आहेत तिथे कोणी करत नाही, कारण स्वतःच्याच ताटातले मासे मरतील. रस्त्यालगतच्या, फक्त भात घेणाऱ्या खाचरांत मात्र मला फवारणीचे पंप दिसले.

अन्नपूर्णा_घाटावरची

ताई, आम्ही दोघंही शाकाहारी. अंडंही नाही. उपाशी मरू का?

मेघवाट

अजिबात नाही, पण तयारी हवी. भाजी विपुल मिळते, पण ती डुकराच्या चरबीत परततात, हे कोणी आपणहून सांगणार नाही कारण त्यांच्या लेखी ती भाजीच असते. मांस, मासे, अंडं, चरबी, मांसाचं पाणी, यातलं काही चालत नाही, असं चिनीत छापून घेतलेलं कार्ड जवळ ठेवा आणि शिजवणाऱ्या माणसाच्या हातात द्या, वाढणाऱ्याच्या नको. छोट्या खाणावळीत भाज्या समोर मांडलेल्या असतात, बोट दाखवून तेलात परतून घेता येतात.

युन्नान तुम्हाला सोपं जाईल. बाय लोक शेळीच्या दुधाचं पनीर करतात, त्याचे काप तव्यावर भाजून मीठ-मिरी लावून देतात. सकाळी वाटाण्याच्या पिठाची दाट गरम पेज मिळते, वर तिखट तेल आणि कोथिंबीर घालून. हुबेहूब आपलं पिठलं. (वरची चटणी आधी विचारून घ्या, कधीकधी खिमा असतो.) दोंग गावांत सकाळी तेल-चहा करतात: चहापत्ती तेलात परतून उकळायची आणि त्या गरम चहात तांदळाच्या लाह्या व शेंगदाणे टाकून वाटीतून खायचं. गुइझोउच्या जेवणात एक उग्र वासाचं पांढरं मूळ कच्चं घालतात, ते सगळ्यांना झेपत नाही. मेतकूट आणि लसणाची चटणी न्याच.

पूर्वसमुद्र

मी बरीच वर्षं शांघायमध्ये नोकरीला आहे. लेखात न आलेली एक बाजू मांडतो. या गावांत तुम्हाला म्हातारी माणसं आणि मुलंच जास्त दिसली असतील. मधली पिढी ग्वांगदोंगच्या कारखान्यांत असते. कुटुंबाची नोंदणी गावाची असली की शहरात मुलाला सरकारी शाळेत घालणं अवघड जातं, म्हणून मुलं आजी-आजोबांकडे राहतात आणि आईबाप वर्षातून एकदा, वसंतोत्सवाला (चिनी नववर्षाला), घरी येतात. जमीन गावाच्या सामूहिक मालकीची आहे, कुटुंबाकडे फक्त कसण्याचा हक्क. ती विकता येत नाही, त्यामुळे शहरात काम गेलं तर परतायला जागा उरते. हा आधारही आहे आणि अडकवणंही.

गरिबीचंही सांगतो. नोव्हेंबर २०२० मध्ये गुइझोउने आपले शेवटचे नऊ तालुके गरिबीतून बाहेर काढल्याचं जाहीर केलं. त्यात त्सोंगज्यांग होता. म्हणजे देशाच्या यादीत अगदी शेवटी निघालेल्यांपैकी हा भाग. पक्के रस्ते, पूल, मोबाईल टॉवर हे सगळं तिथे अलीकडचं आहे.

मेघवाट

पूर्वसमुद्र, धन्यवाद. हो, तसंच दिसलं. थांगआनच्या आजींचा मुलगा आणि सून दोघंही फोशानला कामाला आहेत. नातू रात्री जेवताना फोन वाटीला टेकवून ठेवतो आणि पलीकडे त्याची आई कारखान्याच्या वसतिगृहात जेवत असते. रोज. आजींना खाचर कसणं आता झेपत नाही, पण त्या सोडत नाहीत, कारण त्यांचा बांध फुटला तर खालच्या घराचं नुकसान होतं. म्हणून मी एवढ्या आग्रहाने म्हणतेय की मुक्काम अशा घरी करा. चार पाहुणे आले तर लावणीला एक मजूर लावता येतो.

डोंगरमाथा

माझा थोडा विरोध आहे. आज तुम्ही थांगआनला राहा म्हणताय, उद्या शंभर जण जातील, परवा तिथेही तिकीटखिडकी लागेल. युन्नानमधल्या लीज्यांगचं तेच झालं ना? १९९६ च्या भूकंपानंतर जुनं गाव नीट उभं केलं, १९९७ मध्ये जागतिक वारशात गेलं, आणि आज आत नाशी लोक किती राहतात? घरं भाड्याने देऊन मूळ माणसं नव्या वस्तीत गेली. सगळी दुकानं बाहेरच्यांची.

मेघवाट

लीज्यांगबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. संध्याकाळी तिथे मान वर करून छपरं पाहण्याइतकीही जागा मिळत नाही. पण तिथून फार लांब नसलेलं शाशी पाहा. चहा आणि घोड्यांच्या जुन्या व्यापारी वाटेवरचा बाजार. स्विस तज्ज्ञ आणि स्थानिक प्रशासन यांनी मिळून तिथला चौक, नाट्यमंच आणि देऊळ दुरुस्त केलं, तेही जुनं लाकूड जेवढं वाचेल तेवढं वाचवून, नवं चकचकीत न करता. शुक्रवारचा आठवडी बाजार अजून बाय आणि यी शेतकऱ्यांचा आहे, पाहुण्यांसाठी भरवलेला नाही. तिथेही कॉफीची दुकानं वाढलीत, हे खरं. पण घराची मालकी आणि शेत गावाकडे राहिलं की पाहुण्यांनी गाव मरत नाही. शेत सुटलं की मात्र पाहुणे असोत नसोत, गाव जातंच.

आणि माणसं काही नुसती बघत बसलेली नाहीत. त्सोंगज्यांगच्या शेजारच्या रोंगज्यांग तालुक्यातली गावोगावची फुटबॉल स्पर्धा २०२३ मध्ये देशभर गाजली. खेळणारे शेतकरी, गवंडी, दुकानदार. मध्यंतराला दोंग आणि म्याव बायका गातात. त्यासाठी कारखान्यांतून पोरं सुट्टी काढून घरी आली.

पूर्वसमुद्र

आणि जून २०२५ च्या पुरात ते मैदान पूर्ण पाण्याखाली गेलं होतं. गाळ काढून पुढच्याच महिन्यात तिथे पुन्हा सामने सुरू झाले. मी नंतर जाऊन आलो, गावकऱ्यांनी ज्या जिद्दीने ते उभं केलं ती पाहून मन भरून आलं.

भुईकोट

सोलापूरकर म्हणून इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. चीनच्या डोंगरगावांतून हिंडलेला मराठी माणूस म्हणजे आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१० चा, सोलापूरचा. सप्टेंबर १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने निघून ग्वांगझोउला पोहोचलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. तिथून आत सरकत फेब्रुवारी १९३९ मध्ये ते चिनी कम्युनिस्टांचं ठाणं असलेल्या यानआनला पोहोचले आणि पुढे कोटणीस उत्तरेच्या डोंगरांत, जपानी फौजांच्या वेढ्यातल्या मुलखात गेले. पायी आणि खेचरांवरून. दवाखाना म्हणजे शेतकऱ्याचं घर. वेढा जवळ आला की जखमींना झोळीतून उचलून दुसऱ्या गावात.

त्या आधी तिथे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन ते नोव्हेंबर १९३९ मध्ये गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये प्रमुख झाले. चिनी शिकले, चिनीतून विद्यार्थ्यांना शिकवलं, तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला हबेई प्रांतातल्या थांग तालुक्यात त्यांनी देह ठेवला. वय ३२. मुलगा काही महिन्यांचा होता, त्याचं नाव यिनहुआ, त्यात भारत आणि चीन दोन्ही आहेत.

मेघवाट, तुम्ही उत्तरेकडे गेलात का?

मेघवाट

भुईकोट, मनापासून आभार. नाही, उत्तर अजून राहिली आहे. ताइहांग डोंगररांगेचा तो मुलूख अगदी वेगळा, कोरडा, पिवळ्या मातीचा, ज्वारी-बाजरीसारख्या भरड धान्याचा, अक्रोडाचा. तुम्ही गेला होतात?

भुईकोट

हो, पत्नीसह. शिज्याझ्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत बेथ्यून आणि कोटणीस दोघांच्या समाध्या आहेत. थांग तालुक्यात दोघांचं मिळून स्मारक-संग्रहालय आहे. आम्ही भारतीय आहोत आणि त्यांच्याच गावचे आहोत हे भाषांतराच्या ॲपवरून सांगितल्यावर तिथल्या राखणदार बाईंनी पत्नीचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. डॉक्टरांचं चिनी नाव ख तीहुआ. हे नाव उच्चारलं की ओळख लगेच पटते, कोटणीस म्हटलं तर कोणाला कळत नाही. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

निशिगंध_

सुंदर धागा. माझा व्यावहारिक प्रश्न. आईला (वय ७१, गुडघे थोडे दुखतात) घेऊन जायचंय. जमेल का? पैसे, पोलीस नोंदणी वगैरेही सांगा.

मेघवाट

निशिगंध, नक्की जमेल. विमान ग्वांगझोउचं घ्या, ऑक्टोबर २०२५ पासून कोलकात्याहून थेट सेवा पुन्हा सुरू झाली. तिथून रेल्वेने त्सोंगज्यांग. आईंना झाओशिंगमध्येच ठेवा, गाव सपाट आहे, खोली तळमजल्यावरची आणि कमोड असलेली मागून घ्या, कारण लाकडी घरांचे जिने अगदी उभे असतात. थांगआनला वर गाडीने जाता येतं. युन्नानमधल्या व्याघ्र-उडी दरीची पायवाट मात्र आईंसाठी नाही. ती हाबा पर्वताच्या कुशीतून जाते, खाली चिन्शा नदी आणि समोर ५५९६ मीटरचं यूलोंग हिमशिखर. देखणी आहे, पण चढ सलग आहे. त्यांना खालच्या रस्त्याने नेऊन दरी दाखवा.

पैसे फोनवरूनच चालतात, भाजीवालीकडेही. अलीपे किंवा वीचॅटमध्ये आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड निघण्याआधीच जोडून घ्या, थोडी रोख जवळ असू द्या. गूगल चालत नाही, चिनी नकाशाचं ॲप आणि ऑफलाइन भाषांतर घरूनच उतरवून घ्या.

पोलीस नोंदणी हॉटेल करतं. घरगुती मुक्कामात २४ तासांत करावी लागते, यजमानाला आधी विचारा की परदेशी पाहुण्याची नोंद जमते ना. एका तालुक्याच्या गावी रात्री उशिरा मला एका लॉजने पासपोर्ट पाहून परत पाठवलं होतं. परदेशी म्हणून नाकारू नये अशा सूचना २०२४ मध्ये निघाल्यात, पण लहान ठिकाणी काउंटरवरच्या मुलीला फॉर्मच उघडता येत नाही. त्या रात्री शेजारच्या शाळेतल्या बाईंनी स्वतः चौकीत फोन करून माझी सोय लावली.

एक सूचना मात्र आईंसकट सगळ्यांनी पाळायची. गावं संपूर्ण लाकडाची आहेत. जानेवारी २०१४ मध्ये गुइझोउतलं बाओजिंग हे दोंग गाव आणि युन्नानमधल्या शांग्रिलाचं जुनं शहर, दोन्ही एकाच महिन्यात जळाली. रात्री एक माणूस आगीची काळजी घ्या असं ओरडत गावभर फिरतो, ती नुसती प्रथा नाही. खोलीत उदबत्ती, निरांजन, पाणी तापवायची कॉइल, काही लावू नका. देवपूजा मनातल्या मनात. लावणी बघायची असेल तर मे अखेर, नीळ कुटणं आणि कापणी बघायची तर सप्टेंबर-ऑक्टोबर. राष्ट्रीय दिनाचा, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, रेल्वेत जागा मिळत नाही. तारखा ठरल्या की इथेच लिहा, थांगआनच्या घराचा पत्ता व्यक्तिगत निरोपाने पाठवते.